ल्युंगेन फियोर्डच्या काठी: कोल्हापूरहून उत्तर नॉर्वेतील एका खेड्यात कसे जावे आणि कसे राहावे

उत्तर नॉर्वेला जाण्याचे ठरवणारे आपल्याकडचे अनेक प्रवासी ट्रॉम्सो शहरात तीन-चार रात्रींचा मुक्काम करतात, रोज संध्याकाळी पन्नास जणांच्या बसमधून ध्रुवीय प्रकाश (रात्रीच्या आकाशात दिसणारे ‘नॉर्दर्न लाइट्स’) शोधायला बाहेर पडतात आणि दिवसा झोप काढतात. या पद्धतीत वाईट काही नाही. मात्र तिच्यात पैसा बराच जातो आणि तो प्रदेश नीटसा पाहायला मिळत नाही. पुढील मार्गदर्शन वेगळ्या आखणीसाठी आहे. शहराला एक रात्र द्यावी आणि उरलेल्या किमान चार रात्री फियोर्डकाठच्या एकाच लहान गावात काढाव्यात. त्यासाठी आखणीही उलट्या दिशेने करावी लागते, म्हणजे आधी गावात पोहोचवणाऱ्या फेरीबोटीची वेळ पाहायची, तिच्यावरून ट्रॉम्सोचे विमान ठरवायचे, मग मुंबईचे आणि सर्वांत शेवटी कोल्हापूर सोडण्याचा दिवस. आपण सहसा आधी स्वस्त विमान शोधतो आणि बाकीचे त्यात बसवत जातो. या प्रवासात त्या क्रमाने गेल्यास रात्री अकरा वाजता रिकाम्या धक्क्यावर सामान घेऊन उभे राहण्याची वेळ येऊ शकते.

उदाहरणासाठी येथे ल्युंगसाइडे हे गाव घेतले आहे. नॉर्वेच्या ट्रॉम्स प्रांतात, उत्तर ध्रुववृत्ताच्याही बरेच वर, साधारण ६९.६ अंश अक्षांशावर ते वसले आहे. कोल्हापूर १६.७ अंशांवर आहे, यावरून अंतराची आणि हवामानातील तफावतीची कल्पना यावी. गावाची वस्ती हजाराच्या आत असून एक पांढरे लाकडी चर्च, किराणा सामानाचे दुकान, धक्का आणि काठाने पसरलेली घरे एवढाच त्याचा पसारा आहे. समोर ल्युंगेन फियोर्ड आहे. फियोर्ड समजून घ्यायचा तर कोकणातली एखादी खाडी डोळ्यांसमोर आणावी. फरक एवढाच की खाडीचे खोरे नदीने कोरलेले असते, तर फियोर्डचे खोरे हिमयुगातील हिमनद्यांनी खरवडून काढलेले असते, त्यामुळे काठ उभे आणि पाणी काठालगतच खोल असते. हा फियोर्ड सुमारे ८२ किलोमीटर लांब आहे. गावाच्या पाठीमागे ल्युंगेन आल्प्स नावाची टोकदार शिखरांची रांग असून तिच्यातील येक्केवारी हे शिखर १,८३४ मीटर उंच आहे. कळसूबाईपेक्षा ते दोनशे मीटरांनीही उंच भरत नाही, पण येथे चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि वर बारमाही बर्फ असते, म्हणून नजरेला ते कितीतरी मोठे वाटते.

कोणत्या महिन्यात जावे

या प्रश्नाचे उत्तर आपल्याला काय पाहायचे आहे यावर अवलंबून आहे, आणि मध्यरात्रीचा सूर्य व ध्रुवीय प्रकाश या दोन्ही गोष्टी एकाच सहलीत मिळत नाहीत. ट्रॉम्सोच्या अक्षांशावर साधारण २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. या काळात मध्यरात्रीचा सूर्य दिसतो, पण आकाश काळे होत नसल्याने ध्रुवीय प्रकाश दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उलट २७ नोव्हेंबरच्या सुमारापासून १५ जानेवारीच्या सुमारापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. तेव्हा दुपारच्या सुमारास काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि बाकी सगळा वेळ रात्र. छायाचित्रांत हा काळ मोहक वाटतो, परंतु लहान मुले किंवा वृद्ध आईवडील बरोबर असतील तर पाच दिवस उन्हाविना काढणे जड जाते. सुट्टी हाताशी असल्याने डिसेंबर निवडणाऱ्यांनी एवढा विचार जरूर करावा.

माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी दोनच काळ उत्तम आहेत: सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि मार्चचा उत्तरार्ध. दोन्ही वेळी दिवस व रात्र जवळपास समान असतात, त्यामुळे दिवसा डोंगर आणि पाणी पाहता येते आणि रात्री प्रकाशाची वाट पाहता येते. विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सौरवाताशी, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या प्रवाहाशी, अधिक सहज जुळत असल्याने ध्रुवीय प्रकाशाचे प्रमाणही थोडे वाढते. सप्टेंबरमध्ये रस्ते मोकळे असतात, बर्च झाडांची पाने पिवळी झालेली असतात आणि पायवाटांवर चालता येते; मार्चमध्ये सगळीकडे बर्फ असते. सप्टेंबरची अडचण आपल्या बाजूने येते. गणपतीत घर सोडून कोण जाणार? म्हणून विसर्जनाची तारीख पाहूनच तिकीट काढावे. मुलांच्या शाळेमुळे दिवाळीच्या सुट्टीवाचून पर्याय नसेल, तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडाही चालेल. तेव्हा दिवस सहा-सात तासांचा असतो, मात्र पाऊस आणि ओले बर्फ यांची तयारी ठेवावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे मेच्या पूर्वार्धात, जाऊ नये. रात्री उजळू लागलेल्या असतात, बर्फ वितळून वाटा चिखलाच्या होतात आणि हिरवळही आलेली नसते.

थंडीविषयी आपल्याकडे अतिशयोक्त कल्पना आहेत. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार सागरी प्रवाहामुळे हा किनारा हिवाळ्यातही गोठत नाही. ट्रॉम्सोचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्याखाली तीन-चार अंशांच्या आसपासच असते. फियोर्डच्या आतल्या टोकाला, शीबोत्नकडे, समुद्राचा प्रभाव कमी झाल्याने पारा आणखी बराच खाली उतरतो. खरा त्रास देतो तो वारा.

व्हिसाची कागदपत्रे

नॉर्वे युरोपीय संघात नाही, परंतु २००१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, म्हणून आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. अधिक रात्री नॉर्वेत असतील तर अर्ज नॉर्वेकडेच करावा. दुसऱ्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो म्हणून तिकडून अर्ज करण्याचा सल्ला काही एजंट देतात, तो मानू नये. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवावेत. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो. व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठीचा असावा लागतो.

अर्ज ऑनलाइन भरून बोटांचे ठसे देण्यासाठी केंद्रात स्वतः जावे लागते. मुंबईची वेळ मिळाली तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचता येते, मात्र सकाळी नऊची वेळ घेऊ नये; गाडी उशिरा आली की सगळेच बिघडते. अकरानंतरची वेळ मागावी.

कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जदारांची खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची असते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर. ज्यांचे उत्पन्न मुख्यतः उसाचे आहे, त्यांच्या खात्यात कारखान्याचे बिल वर्षातून दोन-तीन हप्त्यांत जमा होते आणि मधले महिने खाते जवळजवळ रिकामे दिसते. अधिकारी बहुतेक अलीकडच्या काही महिन्यांचा खातेउतारा पाहतात, आणि नेमके त्याच महिन्यांत काही जमा नसेल तर शंका येते. यावर उपाय असा की वर्षभराचा उतारा द्यावा, कारखान्याची ऊसबिले जोडावीत, सातबारा आणि आठ-अ यांचे इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्यावे आणि एका पानाच्या पत्रात उत्पन्न कोणत्या महिन्यात का येते हे सरळ शब्दांत लिहावे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी आयकर विवरणपत्रात ते दाखवलेले असल्यास मोठी मदत होते. सहकारी बँकेचा किंवा पतसंस्थेचा उतारा पासबुकाच्या झेरॉक्सच्या रूपात देऊ नये. शाखेकडून इंग्रजीत, शिक्का-सहीनिशी मागून घ्यावा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पाहुण्यांकडून उसने घेऊन खात्यात मोठी रक्कम भरण्याची जी पद्धत आहे, ती टाळावी. अशी एकगठ्ठा रक्कम लगेच नजरेत येते आणि तिचा खुलासा करता येत नाही.

गावापर्यंतचा मार्ग

मुंबईहून आखाती किंवा युरोपीय विमानतळावर एकदा विमान बदलून ऑस्लो गाठावे आणि तेथून सुमारे दोन तासांच्या विमानाने ट्रॉम्सोला जावे. शेंगेन क्षेत्रात ज्या विमानतळावर प्रथम उतराल, तेथेच पासपोर्टची तपासणी होते. ऑस्लोत ती होणार असेल तर पुढच्या विमानासाठी किमान अडीच-तीन तासांचे अंतर ठेवावे आणि सामान ऑस्लोत ताब्यात घ्यायचे की थेट ट्रॉम्सोला मिळणार हे मुंबईच्या काउंटरवरच विचारून घ्यावे. कोल्हापूर-मुंबई प्रवास आणि आंतरराष्ट्रीय विमान एकाच दिवशी ठेवू नये. महामार्गावरील कामे आणि घाटातील कोंडी यांचा भरवसा देता येत नाही.

ट्रॉम्सोहून ल्युंगसाइडेला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला आणि सुंदर मार्ग असा: शहरातून ई-८ महामार्गाने निघून पुढे ९१ क्रमांकाच्या रस्त्याने ब्रेव्हिकाइडे येथील धक्क्यावर जायचे, तेथून फेरीबोटीने उल्सफियोर्ड ओलांडून स्वेन्सबीला उतरायचे आणि मग वीस-बावीस किलोमीटर रस्त्याने गावात पोहोचायचे. बोटीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. धक्क्यावर पोहोचल्यावर गाड्या आखलेल्या रांगांत उभ्या कराव्या लागतात. बोटीचा पुढचा जबडा उघडून लोखंडी फळी रस्त्यावर टेकते, आतल्या गाड्या उतरतात आणि मग कर्मचारी हाताने खूण करेल त्याच क्रमाने गाडी आत घ्यायची असते. गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढून वर डेकवर जावे, कारण दोन्ही बाजूंची शिखरे येथून जशी दिसतात तशी रस्त्यावरून दिसत नाहीत. हिवाळ्यात डेकवर मीठ टाकलेले असले तरी कठड्याला धरूनच चालावे. दुसरा मार्ग संपूर्ण रस्त्याचा आहे. ई-८ ने नूर्कयोसबोत्नपर्यंत, तेथून ई-६ ने ओटेरेनपर्यंत आणि पुढे ८६८ क्रमांकाच्या रस्त्याने फियोर्डच्या पश्चिम काठाने गावात. यास दोन तासांहून अधिक लागतात, पण वादळामुळे बोट बंद पडली तर हाच मार्ग हाताशी असतो, म्हणून तो कागदावर लिहून ठेवावा.

सार्वजनिक बस आहेत, परंतु त्यांच्या फेऱ्या दिवसातून मोजक्याच आणि शनिवार-रविवारी त्याहूनही कमी असतात. ‘एन्टूर’ या देशव्यापी अ‍ॅपवर बस आणि बोट दोन्हींची वेळापत्रके एकत्र मिळतात. सप्टेंबरमध्ये गाडी भाड्याने घेण्यास हरकत नाही. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओ कार्यालयातून निघतो आणि तो एक वर्ष चालतो. मार्चमध्ये मात्र, बर्फावर कधीही गाडी न चालवलेल्या माणसाने बस घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. गाड्यांना खिळ्यांचे टायर असतात (उत्तर नॉर्वेत ते १६ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात वापरता येतात), तरीही उतारावर काळसर पारदर्शक बर्फ असेल तर आंबा घाटात आयुष्य काढलेल्या चालकाचाही अंदाज चुकतो. गाडी घेतलीच तर लक्षात ठेवावे की रस्त्याची बाजू उजवी आहे, दिवसाही दिवे चालू ठेवावे लागतात, रक्तातील मद्याची मर्यादा ०.०२ टक्के म्हणजे जवळजवळ शून्य आहे आणि रेनडिअर किंवा मूस (मोठ्या जातीचे हरीण) कधीही रस्त्यात येतो.

बॅगेत काय घ्यावे

कपड्यांबाबत नियम एकच: सुती कापड अंगालगत नको. चालताना घाम येतो, सुती बनियन तो शोषून ओले राहते आणि थांबल्याबरोबर अंग गार पडते. अंगालगत पातळ लोकरीचे आतले कपडे, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट, असे तीन थर पुरतात. आपल्या बाजारात मिळणारे जाडजूड, फुगीर जाकीट एकटेच घेतल्यास उपयोग कमी, कारण ते काढले की थंडी आणि घातले की घाम. कानटोपी, गळ्याभोवतीची लोकरी पट्टी आणि दुहेरी हातमोजे हवेत. बूट एक माप मोठे घ्यावेत, म्हणजे जाड पायमोज्यांत बोटे हलती राहतात. बुटांखाली अडकवण्याचे दातेरी रबरी पट्टे तेथेच विकत घ्यावेत. स्थानिक वृद्धही ते लावूनच दुकानात जातात, त्यामुळे त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. घोंगडी न्यावी का असे काही जण हौसेने विचारतात. लोकर उत्तमच, पण तिचे वजन पाहता सामानाच्या मर्यादेत ती परवडत नाही.

खाण्याच्या पदार्थांबाबत एक नियम कडक आहे. युरोपबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी आणि सुके मटण घरीच ठेवावे. कांदा-लसूण चटणी, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, भडंग, पोहे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ नेण्यास हरकत नाही. चटणी दुहेरी पिशवीत बांधून चेक-इन बॅगेत टाकावी. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे तेथे मिळतात. स्वयंपाकघर असलेली केबिन घेतल्यास खर्चाचा मोठा भाग वाचतो, कारण बाहेर कॉफीच्या एका कपालाच चाळीस-पन्नास क्रोनर पडतात आणि एक क्रोनर साधारण आठ-नऊ रुपयांच्या घरात असतो. फियोर्डमधील ताज्या कॉड माशाचा आपल्या चटणीत केलेला रस्सा चांगला होतो. कॉड पटकन फुटतो, म्हणून रस्सा आधी उकळून मासा शेवटच्या सात-आठ मिनिटांतच सोडावा. फोडणीपूर्वी मात्र चुलीवरचा पंखा चालू करून खिडकी किलकिली करावी. लाकडी घरांत धुराचे अलार्म सक्तीचे असतात आणि मोहरी-मिरचीच्या धुराने ते हमखास वाजतात.

पैसे बहुतेक कार्डानेच द्यावे लागतात. यूपीआय येथे उपयोगाचे नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डवरील परदेशी व्यवहार निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावेत आणि पिन पाठ असावा. विजेचे सॉकेट दोन गोल पिनांचे असते, त्यामुळे तीन पिनांच्या चार्जरसाठी अडॅप्टर लागेल.

गावात राहताना

पोहोचण्याचा दिवस रविवार नसावा, कारण मोठी किराणा दुकाने रविवारी बंद असतात. केबिनच्या दारातून आत गेल्यावर एक लहान खोली असते. बूट, ओले जाकीट आणि हातमोजे तेथेच काढायचे, पुढे केवळ पायमोज्यांवर जायचे. बूट घराबाहेर काढण्याची सवय आपल्याला आहेच, त्यामुळे हा शिष्टाचार अवघड जात नाही. पलंगपोस आणि टॉवेल भाड्यात धरलेले आहेत की वेगळे द्यावे लागतात, हे आरक्षण करतानाच पाहावे. नळाचे पाणी पिण्यास उत्तम असते. बाटल्या विकत घेऊ नयेत.

या भागात एकोणिसाव्या शतकात लार्स लेवी लेस्टाडियस या धर्मोपदेशकाच्या शिकवणुकीतून उभ्या राहिलेल्या साध्या, कडक आचाराच्या ख्रिस्ती पंथाचा दीर्घ प्रभाव आहे. माणसे मोजकी बोलतात, मोठ्याने हसत-ओरडत नाहीत आणि अनोळखी माणसाची विचारपूस आपणहून करत नाहीत. यास तुसडेपणा समजू नये. काही विचारले तर शांतपणे आणि अचूक उत्तर मिळते, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात तोच माणूस मान हलवून ओळख दाखवतो. मोठ्या कुटुंबाने एकत्र जाताना रात्री दहानंतर आवाज कमी ठेवावा.

डोंगर-रान फिरण्याबाबत नॉर्वेचा १९५७ चा कायदा उदार आहे. लागवडीखाली नसलेल्या खासगी जमिनीवरूनही पायी जाण्याचा हक्क सर्वांना आहे. तंबू मात्र घरापासून किमान १५० मीटर दूर ठोकावा लागतो, आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात रानात उघड्यावर आग पेटवण्यास बंदी असते. सप्टेंबरमध्ये ब्लोइसवात्ने या हिमनदीच्या तळ्यापर्यंत चालत जाण्यासारखी दुसरी सहल नाही. हिमनदी खडक दळून जी अतिसूक्ष्म पूड पाण्यात सोडते, तिच्यामुळे हे तळे दुधाळ निळे दिसते. वाट दगडांच्या राशींतून जाते, म्हणून घोट्याला आधार देणारे बूट हवेत.

ध्रुवीय प्रकाश पाहताना

सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या एका वलयात वातावरणात शिरतात आणि साधारण शंभर किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनला धडकून हिरवा प्रकाश निर्माण करतात. ल्युंगेन या वलयाच्या खालीच येत असल्याने सौरवादळ मोठे असण्याची गरज नसते. मोबाईलवरील केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळीचे शून्य ते नऊ असे माप) दोन-तीन दाखवत असला तरी येथे प्रकाश दिसतो. तो आकडा पाहून निराश होणारे प्रवासी उगाच झोपी जातात. खरा अडथळा ढगांचा असतो. नॉर्वेच्या हवामान खात्याचे ‘यर’ हे अ‍ॅप दर तासाचे ढगांचे प्रमाण सांगते, तेच संध्याकाळी पाहावे. ल्युंगसाइडेवर ढग असतील आणि गाडी असेल, तर फियोर्डच्या आतल्या टोकाकडील शीबोत्नला जावे. समुद्रावरून येणारे ढग मधल्या डोंगरांवर अडकत असल्याने तेथील आकाश तुलनेने कोरडे व स्वच्छ असते. ट्रॉम्सोच्या विद्यापीठाची वेधशाळाही म्हणूनच तेथे आहे.

रात्री आठ ते एक या वेळेत दर वीस मिनिटांनी बाहेर डोकावावे. आरंभी जे दिसते ते हिरवे नसते, उत्तरेकडे क्षितिजावर राखाडी धुरकट पट्टा असतो आणि तो ढगच वाटतो, कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. शंका आली की मोबाईल कठड्यावर टेकवून नाइट मोडमध्ये तीन सेकंदांचे छायाचित्र घ्यावे. ते हिरवे आले तर घरच्यांना हाका माराव्यात. पट्ट्यातून तारे दिसत असतील तर तो ढग नाही, ही दुसरी खूण. पुढे तो पट्टा अचानक उजळून डोक्यावर पडद्यासारखा हलू लागला की ते तेज पाच-दहा मिनिटांत ओसरतेही, त्यामुळे कपडे दाराशी तयार ठेवावेत. कॅमेरा असेल तर स्टँड आवश्यक आहे; फोकस दिवसाउजेडीच दूरच्या शिखरावर साधून पट्टीने चिकटवून टाकावा, आयएसओ १६००, सर्वांत मोठे छिद्र आणि पाच-सहा सेकंद येथून सुरुवात करावी. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. परत आत येण्यापूर्वी कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा, नाहीतर ऊबेत शिरताच भिंगावर दव जमते आणि ते आतपर्यंत जाते.

समोरचा काठ

एक दिवस काढून ल्युंगसाइडे-ओल्डरडालेन फेरीबोटीने पूर्वेच्या काठावर जावे. तेथील घरे ल्युंगसाइडेतील जुन्या घरांपेक्षा एकसारखी आणि साधी दिसतील. त्याचे कारण १९४४ च्या शरद ऋतूत आहे. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क आणि उत्तर ट्रॉम्समधील वस्त्या सक्तीने रिकाम्या करवून जाळल्या आणि ही जाळपोळ ल्युंगेन फियोर्डपर्यंत आली. येथे त्यांनी संरक्षणफळी उभारली होती. पूर्वेकडील बहुतेक घरे त्यानंतर उभी राहिलेली आहेत.

रस्त्यावरील फलकांवर गावाची आणि पालिकेची नावे तीन भाषांत आढळतात: नॉर्वेजियन, सामी आणि क्वेन. सामी हे येथील मूळ रहिवासी आणि क्वेन हे फिनलंडच्या बाजूने येऊन स्थायिक झालेले लोक. शीबोत्नला पूर्वी या तिघांचा बाजार भरत असे. याच पूर्व काठावरील कोफियोर्ड पालिकेने सामी नावांचे फलक लावले तेव्हा त्यांच्यावर बंदुकीच्या गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. कर्नाटक सीमेवरील कोगनोळीच्या पलीकडे फलकावरील लिपीसाठी काय काय होते हे माहीत असलेल्या कोल्हापूरकराला हा तपशील अधिक समजावून सांगावा लागणार नाही. त्याच पालिकेतील मान्डालेन येथे जुलैमध्ये ‘रिद्दू रिद्दू’ हा आदिवासी समाजांच्या संगीताचा महोत्सव भरतो. मध्यरात्रीच्या सूर्यासाठी जाणाऱ्यांनी त्याच्या तारखा पाहाव्यात. हाताने विणलेल्या लोकरी पांघरुणांसाठीही हे खोरे प्रसिद्ध आहे.

याच बाजूला नूर्डनेस नावाचा डोंगर आहे आणि त्याचा एक भाग हळूहळू सरकतो आहे. तो फियोर्डमध्ये कोसळल्यास मोठी लाट उठून ल्युंगसाइडेसह काठावरील वस्त्यांना धोका पोहोचेल, म्हणून त्याच्या भेगांवर चोवीस तास उपकरणांनी लक्ष ठेवले जाते आणि हालचाल वाढल्यास वस्त्या आधीच रिकाम्या करण्याची व्यवस्था आहे. जुलै २०१४ मध्ये माळीण गाव एका सकाळी डोंगराखाली गेलेले आपण पाहिले आहे. ही व्यवस्था पाहताना त्याची आठवण टाळता येत नाही. पाहुण्याने एवढेच करावे की केबिनमध्ये लावलेली सूचना वाचावी आणि उंचावर जाण्याचा रस्ता पाहून ठेवावा. हिवाळ्यात रोजचा धोका हिमस्खलनाचा असतो. स्की घेऊन आलेले लोक उतारावर चढताना दिसले तरी त्यांच्यामागे जाऊ नये, आणि तीव्र उताराखाली थांबून छायाचित्रे काढू नयेत. रुग्णवाहिकेसाठी ११३, पोलिसांसाठी ११२ आणि अग्निशमनासाठी ११० हे क्रमांक मोबाईलमध्ये साठवावेत.

परतीची आखणी

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम ट्रॉम्सोतच ठेवावा. मार्चमध्ये वारा वाढला की बोटीच्या फेऱ्या रद्द होतात, क्वचित ८६८ क्रमांकाचा रस्ताही हिमस्खलनाच्या भीतीने बंद ठेवला जातो, आणि असे झाले तर गावातच आणखी एक रात्र काढण्यावाचून इलाज नसतो. गाव सोडण्याच्या सकाळी उठल्याबरोबर एन्टूर आणि रस्त्यांची स्थिती सांगणारा १७५ हा क्रमांक दोन्ही तपासावे, बोटीच्या वेळेपूर्वी अर्धा तास धक्क्यावर पोहोचावे आणि केबिन झाडून, कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत टाकून, भांडी धुऊन किल्ली सांगितलेल्या पेटीत ठेवावी. ही कामे न केल्यास साफसफाईचे शुल्क वेगळे लावले जाते आणि ते आपल्याकडच्या एका रात्रीच्या हॉटेलभाड्यापेक्षा सहज जास्त भरते.